समूहाचे कार्यचिंतक : श्रेणींच्या कारभाराविषयीं कांहीं स्मृतिवचनें व शिलालेख

इंग्रजी अमलापूर्वीं आपल्या देशांत कंपनीसारखी संस्था नव्हती, ती कल्पनाच पश्चिमेकडून आली, असें एका पक्षाचें म्हणणें आहे. आणि आजचा सर्व कंपनी कायदा स्मृतिग्रंथांत आधींच लिहून ठेवलेला आहे, असें दुसऱ्या पक्षाचें. हा दुसरा पक्ष विशेषतः गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत बळावला. रमेशचंद्र मजुमदार यांचा प्राचीन भारतांतील संघजीवनावरील ग्रंथ १९१८ सालीं व काशीप्रसाद जायसवाल यांचा हिंदु राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील साधार विधानांवर पुढें इतरांनीं निराधार मजले चढविले. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणीं आहे. धर्मशास्त्रानें जे दोन विषय कटाक्षानें वेगळे ठेवले ते त्यांनीं एक करून टाकले. ते वेगळे ठेवून पाहिले म्हणजे आपल्याकडे काय होतें, काय नव्हतें, आणि जें नव्हतें त्यावांचून काम कसें चाले, हें बऱ्याच अंशीं उलगडतें.

स्मृतिकारांनीं वादाचे विषय अठरा व्यवहारपदांत वांटले आहेत. त्यांपैकीं एक संभूयसमुत्थान. अनेकांनीं एकत्र येऊन, आपापलें द्रव्य किंवा श्रम घालून, लाभासाठीं केलेला उद्योग हा त्याचा विषय. दुसरें पद संविद्व्यतिक्रम. नारद त्यास समयस्यानपाकर्म म्हणतो. गांव, श्रेणी, नैगम, गण, पाखंडी अशा समूहांनीं आपसांत ठरविलेले नियम मोडणें हा त्याचा विषय. पहिल्यांत माणसें आहेत आणि त्यांचे हिस्से आहेत. दुसऱ्यांत समूह आहे आणि त्याची स्थिति आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत या दोन प्रकरणांच्या मध्यें सुमारें सत्तर श्लोकांचें अंतर आहे. तें आकस्मिक नव्हे.

संभूयसमुत्थानाचा मूळ नमुना व्यापारी नसून याज्ञिक आहे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. मनूनें ऋत्विजांच्या दक्षिणेच्या वांटणीवरून आरंभ करून तोच न्याय इतर एकत्र कामांस लावावा असें सांगितलें. सोळा ऋत्विजांचे चार वर्ग. पहिल्यास अर्धें, दुसऱ्यास त्याचें अर्धें, तिसऱ्यास पहिल्याचा तृतीयांश, चौथ्यास चतुर्थांश. शंभर गाई दक्षिणा असल्यास टीकाकार ४८, २४, १६ व १२ अशी वांटणी करून देतात, म्हणजे दर माणशीं १२, ६, ४ व ३. बेरीज बरोबर शंभर येते. अर्धें, पाव वगैरे शब्द अक्षरशः घेतले तर हिशेब शंभराच्या पलीकडे जातो, म्हणून टीकाकारांस ही युक्ति योजावी लागली.

याज्ञवल्क्यानें हाच विषय व्यापाऱ्यांपुरता स्पष्ट केला. नफा-तोटा घातलेल्या द्रव्याच्या मानानें किंवा करारांत ठरल्याप्रमाणें वांटावा. इतरांनीं मना केलेलें, न विचारतां केलेलें किंवा हयगयीनें बुडविलेलें ज्याचें त्यानें भरून द्यावें. संकटांतून माल वांचविणाऱ्यास दशांश मिळावा. कपटी भागीदारास नफा न देतां काढून लावावें. परदेशीं मेलेल्याचें धन त्याच्या दायादांनीं, बांधवांनीं किंवा परत आलेल्या सोबत्यांनीं घ्यावें, कोणीच नसेल तर राजानें. हा शुद्ध भागीदारीचा कायदा आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यांत करार नसेल तर नफा सारखा वांटावयाचा आहे. याज्ञवल्क्य द्रव्याचें मान धरतो. एवढा एक भेद सोडला तर दोहोंची बैठक एकच. भागीदार मेला कीं त्याच्या हिश्शाचा प्रश्न उभा राहतो, कारण हिश्शांपलीकडे तेथें कांहीं नाहींच.

आतां समूहाकडे वळूं. आणि येथें ग्रंथांपूर्वीं शिला पाहणें अधिक सोयीचें.

नाशिकच्या त्रिरश्मि पर्वतावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनिकपुत्र उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. सेनार यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत छापल्यापासून अनेकांनीं वाचला आहे. पण बहुतेकांचें लक्ष दात्याच्या वंशाकडे व शकनिर्णयाकडे लागलें आणि त्यांतील व्यवहार मागें पडला. उषवदातानें चातुर्दिश भिक्षुसंघास लेणें दिलें आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. ती संघाच्या हातीं दिली नाहीं. गोवर्धनांतील, म्हणजे नाशिकजवळच्या गोवर्धन गांवच्या, दोन श्रेणींकडे ठेविली. एका कोलिकनिकायाकडे २०००, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. दुसऱ्या कोलिकनिकायाकडे १०००, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. कोलिक म्हणजे येथें विणकर. मासे धरणाऱ्या कोळ्यांशीं याचा संबंध नाहीं. मुद्दल परत करावयाचें नाहीं, केवळ वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा. २००० च्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं. वाचकांनीं हिशेब करून पाहावा : महिन्यास वीस, वर्षास २४०, आणि वीस भिक्षु गुणिले बारा, २४०. एक कवडीचाही फरक नाहीं. दुसऱ्या श्रेणीकडून वर्षास ९० येतात, ते कुशणमूलासाठीं. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि रीतीप्रमाणें फलकवारांत निबद्ध केलें, असें लेखांत पुढें म्हटलें आहे.

या लेखांत ऋणको म्हणून एकाही विणकराचें नांव नाहीं. ज्या पैशाचें मुद्दल कधींच फिरावयाचें नाहीं तो पैसा दाता मर्त्य माणसास देणार नाहीं. आपल्यामागें, आपल्या नातवंडांमागें, टिकणाऱ्यास देईल. श्रेणी तशी टिकते असें नहपानाच्या जांवयानें गृहीत धरलें आहे. शिवाय गांव एक, धंदा एक, दाता एक, लेखही एकच, आणि दर मात्र दोन. प्रत्येक निकायाशीं स्वतंत्र बोलणें होऊन स्वतंत्र करार झाला, हेंच यावरून निघतें. ‘गोवर्धनचे विणकर’ असा ढोबळ जमाव येथें नाहीं. दोन निरनिराळ्या व्यक्ति आहेत, आणि त्या व्यक्ति माणसें नव्हेत.

व्याजाच्या दराकडे तर आजवर फारच थोडें लक्ष गेलें आहे. याज्ञवल्क्यानें तारण असलेल्या कर्जास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सवा, व्याज सांगितलें आहे. विनातारण कर्जास वर्णानुक्रमानें दोनपासून पांचपर्यंत. गोवर्धनच्या विणकरांनीं कांहीं गहाण ठेवल्याचा उल्लेख लेखांत नाहीं, तरी त्यांस पैसा मिळाला तो शेंकडा एक आणि पाऊण दरानें. शास्त्रोक्त सतारण दरापेक्षांही स्वस्त. स्मृतीचा दर व बाजाराचा दर नेहमींच एक असेल असें नाहीं. तरीही एवढ्या मोठ्या राजपुरुषानें एवढ्या कमी दरानें, निस्तारण आणि कायमचा पैसा कां ठेवावा, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस पुढील ग्रंथवचनांत सांपडतें.

त्यापूर्वीं आणखी एक लेख. संयुक्त प्रांतांत, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशांत, बुलंदशहर जिल्ह्यांतील इंदोर येथें सांपडलेला स्कंदगुप्ताच्या काळचा ताम्रपट गुप्त संवत् १४६ चा, म्हणजे इसवी सन ४६५-६६ चा आहे. (माळव्यांतील इंदूर तें हें नव्हे, ही गल्लत छापील पुस्तकांतूनही आढळते.) देवविष्णु नांवाच्या ब्राह्मणानें सूर्यमंदिरांतील अखंड दिव्यासाठीं इंद्रपुरच्या तैलिकश्रेणीकडे देणगी ठेविली. श्रेणीचा प्रमुख जीवंत. त्याचें नांव आहे, पण देणें त्याचें नव्हे, श्रेणीचें. आणि त्यांत असा आशय नमूद आहे कीं, ही श्रेणी हें ठिकाण सोडून गेली तरी जोंवर तिची एकी कायम आहे तोंवर हें धन तिचेंच. माणसें बदलोत, गांव बदलो, श्रेणी तीच. मंदसोरच्या लेखांतील रेशीम विणणारांची श्रेणी लाट देशांतून दशपुरास आली व तिच्यांतील अनेकांनीं दुसरे धंदे धरले, तरी इसवी सन ४३६-३७ मध्यें बांधलेल्या सूर्यमंदिराची दुरुस्ती ४७३-७४ मध्यें करणारी तीच श्रेणी आहे.

हें सातत्य कायद्यानें कसें सांभाळलें तें कात्यायन सांगतो. जे गणांत किंवा श्रेणींत नव्यानें प्रवेश करतात ते सर्व तिच्या पूर्वींच्या धनाचे आणि पूर्वींच्या ऋणाचे समान वांटेकरी होत. काल आलेला विणकर पन्नास वर्षांपूर्वींच्या ठेवीस बांधला गेला. कौटिल्यानेंही कारागिरांच्या प्रकरणांत अशा अर्थाचा नियम घातला आहे कीं, श्रेणीचा विश्वास असलेल्या कारागिरानें ठेव घ्यावी आणि त्याच्यावर विपत्ति आल्यास त्या ठेवीचा भार श्रेणीवर. उषवदाताचें तारण हेंच. वस्तु गहाण नव्हती. आलेले, येणारे व पुढें होणारे सर्व विणकर मिळून त्याच्या तीन हजारांस जामीन होते, म्हणून दर कमी.

परंतु सर्वांचीं घरेंदारें अशीं एकमेकांच्या देण्यांत गुंतल्यावर समूहाचा कारभार कोणाच्या हातीं द्यावयाचा हा जीवनमरणाचा प्रश्न होतो, आणि म्हणूनच संविद्व्यतिक्रमाच्या प्रकरणांत कारभाऱ्यांविषयीं एवढे बारीक नियम आढळतात. याज्ञवल्क्य त्यांस कार्यचिंतक म्हणतो. ते धर्म जाणणारे, शुचि आणि अलुब्ध असावे, व समूहाच्या हिताचें बोलणाऱ्यांचें म्हणणें सर्वांनीं मानावें. ‘समूहहित’ हा शब्द येथें फार महत्त्वाचा आहे. वचन पाळावयाचें तें मुख्य बोलतो म्हणून नव्हे, तें समूहाच्या हिताचें आहे म्हणून. बृहस्पति संख्या देतो : दोन, तीन किंवा पांच. आणि कोणास नेमूं नये हेंही सांगतो. द्वेष करणारा, व्यसनी, लाजाळू, आळशी, भित्रा, लोभी, अतिवृद्ध आणि अल्पवयी हे वर्ज्य. लाजाळू माणूस या यादींत पाहून आधुनिक वाचक हंसेल. पण ज्यानें कोणत्याही सभेंत चुकीचा ठराव मंजूर होतांना मूग गिळून बसलेले सज्जन पाहिले आहेत तो हंसणार नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यांत खासगी कंपनीस किमान दोन व सार्वजनिक कंपनीस किमान तीन संचालक लागतात, वरची साधारण मर्यादा पंधरांची. अपात्रतेच्या यादींत दिवाळखोर आहे, शिक्षा झालेला आहे, भित्रा मात्र नाहीं.

समूहाच्या कामास गेलेल्यास जें कांहीं मिळेल तें त्यानें होऊन समूहास आणून द्यावें. न दिल्यास अकरापट द्यावें लागेल, असें याज्ञवल्क्याचें वचन. आजच्या कायद्यांत अनुचित लाभ घेणाऱ्या संचालकास त्या लाभाएवढी रक्कम कंपनीस भरावी लागते व वर एक ते पांच लाखांपर्यंत दंड आहे. तत्त्व तेंच, प्रमाण निराळें. समूहाच्या नांवावर काढलेलें कर्ज ज्यांनीं खाल्लें किंवा स्वतःच्या कामीं लावलें त्यांनींच तें फेडावें, हें कात्यायनाचें. गणाचें द्रव्य हरण करणाऱ्याचें सर्वस्व घेऊन त्यास राष्ट्राबाहेर घालवावें, हें पुनः याज्ञवल्क्याचें.

मुख्यास काढावयाचें कोणी? कात्यायन म्हणतो कीं, साहसी, फूट पाडणारा आणि गणद्रव्याचा नाश करणारा हे सर्व उच्छेद्य होत, राजाला कळवून. या ‘कळवून’वर पुष्कळ अवलंबून आहे. राजानें काढावा कीं समूहानें? मूळांत ‘विख्याप्य’ असें ल्यबन्त रूप आहे. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायांतील सुप्रसिद्ध नियमाप्रमाणें पूर्वकालवाचक अव्ययाचा व मुख्य क्रियेचा कर्ता एकच असावा लागतो. राजाला कळविणारा राजा स्वतः असूं शकत नाहीं. म्हणून कळविणारा समूह, आणि तोच उच्छेद करणारा. राजाकडे केवळ वर्दी जाते. व्याकरणाचा हा साधा न्याय लावला म्हणजे समूहास आपले कारभारी काढण्याचा अधिकार होता हें सिद्ध होण्यास दुसऱ्या प्रमाणाची फारशी जरूर राहत नाहीं. मुख्य व समूह यांच्यांत विसंवाद झाला तर मात्र राजानें विचार करून दोघांस आपापल्या मार्गावर आणावें, असें बृहस्पति म्हणतो. आज हें काम २०१६ पासून राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे आहे.

एवढें साम्य दाखविल्यावर भेदही तितक्याच स्पष्टपणें सांगितला पाहिजे. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित, ही कल्पना आमच्या कोणत्याही स्मृतींत नाहीं. कात्यायनाचें वचन तर तिच्या नेमकें उलट आहे. हिंदुस्थानांत कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा. मर्यादित जबाबदारी १८५७ च्या कायद्यानें आली, तीही प्रथम बँका व विमा कंपन्या वगळून. बँकांस ती १८६० सालीं मिळाली. त्यानंतर पांच वर्षांत मुंबईंत काय झालें तें सर्वश्रुत आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला, पैशाचा पूर आला, समुद्र हटविण्याच्या व इतर नाना प्रकारच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ सालीं सर्व डोलारा कोसळला. पुढच्याच वर्षीं कंपन्यांचा नवा एकत्रित कायदा करावा लागला. आमच्या समजुतीप्रमाणें यांतील कार्यकारण असें आहे. विणकरांच्या श्रेणींत प्रत्येकाचें घर पणास लागलेलें असे, म्हणून प्रत्येकजण कार्यचिंतकावर डोळा ठेवून असे. सरकारास थोडेंच करावें लागे. भागधारकाचें घर सुरक्षित झालें तसा तो डोळाही मिटला, आणि त्या जागीं हिशेब-तपासनीस, निबंधक, छापील ताळेबंद व शेंकडों कलमें यांची योजना करावी लागली. १८५० पासून २०१३ पर्यंत कायदा फुगत गेला त्याचें हें एक प्रमुख कारण आम्हांस वाटतें. श्रेणीचा काळ सुखाचा होता असें सुचविण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. ज्या विणकरानें कर्ज काढलें नाहीं त्यानें तें फेडावें, यांत न्याय किती हा प्रश्न त्याच्या बायकामुलांस विचारावा लागेल.

राहतां राहिला साधनांचा विचार, आणि तो या पत्राच्या वाचकांच्या खास अधिकारांतील आहे. बृहस्पति आणि कात्यायन यांच्या स्मृति स्वतंत्र ग्रंथरूपानें उपलब्ध नाहींत. कारभाऱ्यांविषयींचीं वर दिलेलीं त्यांचीं बहुतेक वचनें अपरार्क, स्मृतिचंद्रिका, विवादरत्नाकर, वीरमित्रोदय अशा टीका व निबंध यांतील उताऱ्यांमुळेंच वांचलीं. कात्यायन महामहोपाध्याय काणे यांनीं १९३३ सालीं व बृहस्पति रंगस्वामी अय्यंगार यांनीं १९४१ सालीं बडोद्याच्या मालेंत असा कण कण वेंचून जुळविला. अपरार्क म्हणजे उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य, आणि व्यवहारमयूख लिहिणाऱ्या नीलकंठाचें घराणें मूळचें पैठणचें. तेव्हां या दोन ग्रंथांच्या पोथ्या आपल्याकडील जुन्या वाड्यांतून अजून निघण्याचा संभव आहे. छापील प्रत आहे म्हणून अशी पोथी बाजूस सारूं नये. संविद्व्यतिक्रमाचें प्रकरण उघडून त्यांतील श्लोक कोणाच्या नांवावर दिला आहे तेवढें तरी पाहावें, कारण बृहस्पतीचें वचन कात्यायनाच्या नांवावर व उलट, असा घोटाळा निबंधकारांत नेहमींचाच आहे. एका पोथीनें काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. १९०५ सालीं तंजावर प्रांतींच्या एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापलें नसतें, तर ठेवीचा भार श्रेणीवर टाकणारें वर उल्लेखिलेलें वचन आपणांस दिसलेंही नसतें.

मोडी दप्तरांतील सरकतीचे व पातीचे कागद वंशावळी आणि सनदा यांच्या मानानें रुक्ष असतात, म्हणून ते बहुधा रद्दींत जातात. तसा कागद हातीं आल्यास देणें कोणाच्या नांवें लिहिलें आहे, एका असामीच्या कीं पेढीच्या किंवा पंचांच्या, आणि मेलेल्या भागीदाराचें पुढें काय करावें म्हटलें आहे, या दोन गोष्टींची नोंद अवश्य करावी. शिक्क्यांचीही तीच कथा. वैशालीस, म्हणजे बिहारांतील बसाढ येथें, १९०३-०४ च्या उत्खननांत श्रेष्ठी, सार्थवाह व कुलिक यांच्या संयुक्त निगमाचे अडीचशेंहून अधिक मातीचे ठसे निघाले. समूहाचा शिक्का किती प्राचीन आहे तें यावरून कळतें. आपल्या कंपन्यांस तो ठेवण्याची सक्ती २०१५ च्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आली. असे ठसे ज्यांच्या संग्रहांत असतील त्यांनीं छायाचित्र केवळ अक्षरांच्या बाजूचें न घेतां पाठीचेंही घ्यावें. ठसा कशास बांधला होता तें पाठीवरील दोऱ्याच्या वळावरून ओळखतां येतें.